ट्यूबचा गोडवा येतो कुठून?

"ट्यूब ॲम्प्लिफायरचा आवाज गोड, ट्रान्झिस्टरचा कोरडा!" ऑडिओचा विषय निघाला की हॉस्टेलवर कुणीतरी हे ऐकवतंच. लगेच दुसरा म्हणतो, "मनाचे खेळ आहेत रे सगळे!" मला दोघांचंही पटत नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

गोडवा खरा असतो, पण तो मोजता येतो. ॲम्प्लिफायरला सा दिला की तो त्यात स्वतःचे थोडे हार्मोनिक्स मिसळतो. दुसरा हार्मोनिक म्हणजे वरचा सा, तिसरा म्हणजे त्याच्याही वरचा पंचम. सिंगल-एंडेड ट्रायोडमध्ये मुख्यतः दुसरा तयार होतो. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला तो का खटकेल? ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ओव्हरलोड झाला, की वेव्हचे शेंडे एकदम कापले जातात आणि पाचवा, सातवा असे वरचे हार्मोनिक्स उमटतात. सातवा तर कोमल निषादाच्याही थोडा खाली, म्हणजे चक्क बेसूर! पण हे ओव्हरलोडमध्ये. एरवी चांगल्या ट्रान्झिस्टर सर्किटचं डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याहूनही कमी असू शकतं.

मग हळू आवाजातही फरक का जाणवतो? एक मोठं कारण फर्स्ट इयरच्या व्होल्टेज डिव्हायडरमध्ये आहे. स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असलं, तरी बेसच्या रेझोनन्सपाशी तो ३० ओहमपर्यंत जाऊ शकतो. ट्यूब ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम धरा. गणित केलं तर तिथला आवाज सुमारे १.४ डेसिबलने वर चढतो. ट्रान्झिस्टरचा ०.०५ ओहम धरला, तर जेमतेम ०.०४ डेसिबल. म्हणजे ट्यूबवाला नकळत इक्वलायझर वापरतोय!

१९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांपुढे हेच सिद्ध केलं. त्यांच्या पसंतीच्या महागड्या ट्यूब ॲम्प्लिफायरचं आणि आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचं आउटपुट एकमेकांतून वजा करत, फरक जवळजवळ शून्य होईपर्यंत त्याने सर्किट बदललं. मग संपादकांनाही दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत.

गिटारची गोष्ट निराळी. तिथे डिस्टॉर्शन हा वाद्याचाच भाग, त्यामुळे ट्यूबला मान आहेच. पण रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकताना गायकाच्या आवाजात ॲम्प्लिफायरने आपलं काही घालू नये, असं माझं मत. कुणाला ते घातलेलं आवडतं, तर खुशाल ऐकावं. फक्त त्याला जादू म्हणून महिन्यांचा पॉकेटमनी उधळू नये.

सरांना एक विनंती. लॅबमध्ये दोन्ही ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून, लेव्हल ०.१ डेसिबलच्या आत जुळवून, आम्हाला एकदा ऐकवा. सीआरओ नंतर लावू. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहायचं!