गल्ला दुकानदाराचा, वही कोणाची?

कल्याणच्या बाजारपेठेतून सकाळच्या वेळी एक फेरी मारावी, म्हणजे एक नवा आवाज पावलोपावली कानांवर पडतो. भाजीच्या पाटीमागून, चहाच्या टपरीवरून, किराणा दुकानाच्या फळीवरून एक लहानशी पेटी आपल्या यांत्रिक स्वरात पुकारा करते की, अमुक इतके रुपये प्राप्त झाले. गिऱ्हाईक खिशातला मोबाईल काढते, फळीवर चिकटवलेल्या चौकटीच्या चित्रासमोर धरते, आणि नाण्याचा खणखणाट न होता व्यवहार पुरा होतो. कोथिंबिरीची दहा रुपयांची जुडीसुद्धा आता अशी विकली जाते. ह्या गोष्टीचे आज कोणास नवल वाटत नाही. आणि नवल वाटेनासे झाले म्हणजेच तिचा विचार करण्याची वेळ आली, असे आम्ही समजतो.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले, तेव्हा ह्या यंत्राची गणना श्रीमंतांच्या चैनीत होत होती. बोलण्यास मिनिटाला आठ ते सोळा रुपये पडत आणि ज्याला फोन येई त्याच्याही खिशास चाट बसे. २००३ साली येणारे फोन मोफत झाले. ११ एप्रिल २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयचा आरंभ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आली आणि इंटरनेटचे दर कोसळले. आणि ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीने, नोटांवाचून हवालदिल झालेला बाजार ह्या नव्या वाटेवर अक्षरशः ढकलला गेला. ऑगस्ट २०२५ ह्या एकाच महिन्यात यूपीआयवरून दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. अवघ्या नऊ वर्षांत एवढा पालट दुसऱ्या कोणत्या व्यवस्थेने घडवून आणला असेल, असे आम्हांला वाटत नाही.

ह्या बदलाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत संपली, खोट्या नोटेचे भय गेले, रात्री गल्ला घरी नेताना वाटणारी धास्ती उणावली. जानेवारी २०२० पासून यूपीआयने घेतलेल्या पैशांवर दुकानदाराकडून दलाली घेता येत नाही, ही तर मोठीच सवलत होय. डोंबिवलीतील पोळीभाजीच्या केंद्रांना आणि घरच्या घरी दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या भगिनींना मोबाईलने जी बाजारपेठ मिळवून दिली, ती त्यांना जाहिरातीवर हजारो रुपये खर्चूनही मिळाली नसती. सबब मोबाईल हा लहान व्यापाऱ्याचा शत्रू आहे, ही जी हाकाटी अधूनमधून ऐकू येते तीत आम्ही आपला सूर मिळवणार नाही.

तथापि एक प्रश्न आम्हांला विचारावासा वाटतो. ह्या सर्व व्यवहारांची वही कोणाजवळ आहे?

वही म्हणजे काय, हे जुन्या पिढीच्या वाचकांना सांगणे नको. वाण्याच्या रोजमेळात आणि खतावणीत केवळ आकडे नसत. कोणत्या घरी पगार कोणत्या तारखेस होतो, कोणाकडे लग्न निघाले आहे, कोणाची उधारी महिनाभर थांबवली तरी बुडणार नाही, आणि कोणाला पावशेर साखरही रोखीवाचून देऊ नये, हे सारे शहाणपण त्या तांबड्या बासनात बांधलेले असे. त्या वहीवर दुकानदाराची पत उभी असे आणि तिच्याच आधारावर गिऱ्हाइकाचीही. दिवाळीत दुकानदार गल्ल्याबरोबर वहीचीही पूजा करतो, ती उगाच नव्हे. पैसा आज येतो आणि उद्या जातो. पण गिऱ्हाइकाची ओळख हेच व्यापाराचे खरे भांडवल होय, हे त्या पूजेमागचे मर्म आहे.

आज गल्ला दुकानदाराच्या बँकखात्यात जमा होतो, पण वही मात्र अन्यत्र लिहिली जाते. यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे ह्या दोनच कंपन्यांच्या ॲपांतून होतात. एका कंपनीकडे तीस टक्क्यांहून अधिक वाटा असू नये, असा दंडक नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने नोव्हेंबर २०२० मध्ये घातला. परंतु त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत आता २०२६ च्या डिसेंबरअखेरीपर्यंत लांबली आहे. जो नियम पाळण्याची वेळच येत नाही, त्याला नियम म्हणावे की सदिच्छा? कोणत्या गल्लीतल्या दुकानात किती वाजता गर्दी होते, महिन्याच्या कोणत्या आठवड्यात विक्री मंदावते, ह्याचा साद्यंत तपशील पैशाची ने-आण करणाऱ्या कंपन्यांपाशी साचतो. त्याच तपशिलाच्या आधारे व्यापाऱ्यास कर्ज देऊ करावे आणि रोजच्या विक्रीतून हप्ता वळता करून घ्यावा, हा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. पूर्वी दुकानदार आपली वही दाखवून सावकाराकडून कर्ज मागत असे. आता सावकारच त्याची वही वाचून त्याच्याकडे येतो!

हे भय काल्पनिक आहे असे कोणास वाटत असेल, तर अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. ते घालणे हे रिझर्व्ह बँकेचे कर्तव्यच होते. परंतु ज्यांची विक्रीची रक्कम त्या बँकेतील खात्यात जमा होत असे, अशा देशभरच्या लहान दुकानदारांना मार्चच्या मध्यापूर्वी दुसऱ्या बँकेचा आसरा शोधावा लागला. त्यांचा स्वतःचा काही अपराध नव्हता. दुसरे उदाहरण कर्नाटकाचे. जुलै २०२५ मध्ये तेथील विक्रीकर खात्याने यूपीआयच्या नोंदी पाहून हजारो लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, आणि बंगळूरच्या कित्येक दुकानांवर ‘फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. मुख्यमंत्र्यांनी जुनी थकबाकी माफ करण्याचे जाहीर केले तेव्हा कोठे वातावरण निवळले. कर चुकवू नये, हे आम्ही पहिल्याने म्हणू. पण भाजीवाल्याची वही कंपनीने वाचली, करखात्याने वाचली, आणि ज्याची ती वही, त्या भाजीवाल्यालाच आपण चाळीस लाखांची मर्यादा ओलांडली की काय, हे नोटीस आल्यावर कळावे, ही गोष्ट लोकशाही राज्याला शोभत नाही.

हे झाले पैशाच्या वहीविषयी. मालाच्या बाजाराची कथा याहून निराळी नाही. संध्याकाळी मुंबईहून सुटलेल्या लोकलमध्ये मुलुंड मागे पडते न पडते तोच आपला नोकरदार वाचक मोबाईल उघडतो, आणि दुधाची पिशवी, टोमॅटो, साबण ह्यांची मागणी नोंदवतो. गाडी कल्याणास पोचून तो घरचा जिना चढतो, तोवर माल दारात हजर असतो. स्टेशनाबाहेरच्या ज्या भाजीवाल्याकडून तो वर्षानुवर्षे भाजी घेत आला, त्याच्याकडे पाहण्याचेही त्याला कारण उरत नाही. ह्यात वाचकाचा दोष तो कोणता? दोन-दोन तास गाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाला बाजारहाट करण्याचा उपदेश घरी बसून करणे सोपे आहे. आमची हरकत त्याच्या सोयीला नाही. त्याच्यापुढे कोणते दुकान प्रथम यावे आणि कोणते मुळीच येऊ नये, हे ठरवणारा जो तिसरा अदृश्य हात आहे, त्याला कोणता कायदा बांधतो, एवढेच आम्ही विचारतो.

हा प्रश्न कल्याणला नवा नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आहे, इतका ह्या बंदराचा व्यापार जुना. १ मे १८५४ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कल्याणपर्यंत आली. पुढे बोरघाट आणि थळघाट ओलांडून लोहमार्ग दख्खनेत व खानदेशाकडे गेले, आणि खाडीतल्या गलबतांचे महत्त्व ओसरून मालगाडीचे वाढले. त्या वेळीही जुन्या व्यापाऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या : रेल्वेला शिव्या द्याव्या, किंवा आपली वखार स्टेशनाजवळ न्यावी. ज्यांनी दुसरी वाट धरली ते टिकले. पण ते केवळ आपल्या हुशारीवर टिकले नाहीत. रस्त्याचा मालक एक आणि त्यावरून माल नेणारे अनेक, अशी स्थिती आली की मालकाच्या मर्जीवर एखाद्याची भरभराट आणि दुसऱ्याचे दिवाळे अवलंबून राहते, हे इंग्रज सरकारलाही ओळखावे लागले. म्हणून १८९० च्या रेल्वे कायद्यात, कोणाही एका इसमास वा मालास गैरवाजवी झुकते माप देऊ नये, असे कलम घालण्यात आले. १९८९ च्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे.

मोबाईलच्या पडद्यावरचा बाजार हा आजचा लोहमार्ग आहे. त्याला १८९० चे शहाणपण का लागू करू नये? प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. परदेशी भांडवलाच्या बाजारपेठ-कंपन्यांनी स्वतःचा माल स्वतःच्या बाजारात विकू नये, आणि सर्व विक्रेत्यांस समान वागणूक द्यावी, असा निर्बंध केंद्र सरकारने १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू केला. जानेवारी २०२० मध्ये दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२५ साल सरले तरी त्याचा कायदा झालेला नव्हता. व्यापार महिन्यागणिक बदलतो आणि कायदा वर्षानुवर्षे मसुद्यातच राहतो. ह्या दोन गतींमध्ये चिरडला जातो तो लहान दुकानदार.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पहिली गोष्ट, ज्याचा व्यवहार त्याची वही, हे तत्त्व कायद्याने निःसंदिग्धपणे मान्य व्हावे. दुकानदाराच्या विक्रीच्या नोंदी त्याला सहज वाचता येतील अशा स्वरूपात, त्याच्या भाषेत आणि विनामूल्य मिळाल्या पाहिजेत. आणि एक कंपनी सोडून दुसरीकडे जाताना त्या बरोबर नेता आल्या पाहिजेत. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या अकाउंट ॲग्रिगेटर योजनेत खातेदाराच्या संमतीने त्याचा हिशेब कर्ज देणाऱ्या संस्थेस दाखवण्याची सोय आहेच. तिचा लाभ पाटीवाल्यापर्यंत पोचावा. दुसरी गोष्ट, गैरवाजवी झुकत्या मापास बंदी करणारा नियम भांडवल देशी की परदेशी हे न पाहता सर्वांस सारखा लागू व्हावा.

परंतु सरकारकडे बोट दाखवून व्यापारी मोकळे होऊ शकत नाहीत. बिल मागितले की कपाळाला आठी, बदलून मागितले की हुज्जत आणि मापात खोट, असा अनुभव ज्या दुकानांत येतो, त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्यास आम्ही तयार नाही. शिवाय एकट्यादुकट्याने ह्या प्रवाहात टिकाव लागणे नाही. कल्याण जनता सहकारी बँक आणि डोंबिवली नागरी सहकारी बँक ह्यांसारख्या संस्था ह्याच शहरांत गेल्या शतकातील सत्तरच्या दशकात उभ्या राहिल्या, त्या सामान्य माणसाने आपली पत दुसऱ्याच्या पतीला जोडली म्हणून. तीच बुद्धी आज व्यापाऱ्यांनी का दाखवू नये? एका पेठेतील पन्नास दुकानांनी मिळून घरपोच माल पोचवणारी चार मुले नेमावीत, त्यांना नीट वेतन द्यावे, आणि मागण्या घेण्यासाठी एक सामाईक व्यवस्था उभारावी. ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसीचा हेतूच मुळी असा की, दुकानदाराने एका ठिकाणी नाव नोंदवावे आणि अनेक ॲपांवर त्याचा माल दिसावा. सहकारी बँकांनी ह्या कामी पुढाकार घेतला, तर दुकानदाराची वही आणि त्याचे कर्ज दोन्ही पुन्हा गावात येतील.

राहता राहिला आमचा वाचक. तो ह्या वादात केवळ प्रेक्षक नाही. २००५ च्या जुलैत महापुराने कल्याण वेढले, आणि २०२० च्या टाळेबंदीत सारे व्यवहार थांबले, तेव्हा पिठाची गोणी आणि दुधाची पिशवी कोणी दिली, आणि पैसे मागाहून द्या असे कोण म्हणाले, हे ज्याने त्याने आठवावे. आपल्या खरेदीचा काही भाग त्या ओळखीच्या फळीवर व्हावा, एवढे ऋण तर आपल्याला फेडता येईल. पैसे मोबाईलनेच द्यावेत, त्यास आमची ना नाही. दुकानदाराने मात्र त्या पेटीचा पुकारा ऐकून समाधान मानू नये. रुपये प्राप्त झाले, हे ती खरेच सांगते. वही गेली, हे ती कधी सांगणार नाही.