प्रत्यारोपणानंतरची दोन वर्षे

भारतातले पहिले बोन मॅरो ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. आता पूर्ण जुळणारे भावंड नसले, तरी आईवडील किंवा मुलांच्या निम्म्या जुळणाऱ्या स्टेम सेलही चालतात. त्यामुळे रक्ताच्या कर्करोगावरचा हा उपचार अधिक घरांपर्यंत पोहोचला. मात्र योजना, देणग्या, कर्ज अशी सगळी धावपळ प्रत्यारोपणाच्या दिवसापर्यंतच असते. धोका त्यानंतरही बराच काळ टिकतो.

दात्याच्या पेशी रुजल्या की साधारण दोन ते चार आठवड्यांत जिवाणूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी वाढतात आणि रुग्ण घरी जाण्याच्या तयारीला लागतो. विषाणूंना तोंड देणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशी सावरायला मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात. टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात. ही ग्रंथी वयानुसार आक्रसते, म्हणून प्रौढांना जास्त वेळ लागतो. शिवाय दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून दिलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबूनच ठेवतात. त्यामुळे पांढऱ्या पेशींचा आकडा नॉर्मल आला म्हणजे प्रतिकारशक्ती परत आली, असे नव्हे.

लहानपणीच्या लसींचे संरक्षणही ओसरते. न्यूमोकोकल, धनुर्वात, घटसर्प, कावीळ ब, पोलिओचे इंजेक्शन हे सारे तीन ते सहा महिन्यांनंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा द्यावे लागते. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतरच, तेही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबली असतील तरच.

अडचण इथेच आहे. सरकारी लसीकरण मुख्यतः बालके आणि गरोदर स्त्रियांसाठी आखलेले आहे. पंचेचाळीस वर्षांचा माणूस त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. लस पदरच्या पैशाने घ्यायची म्हटल्यावर हातावर पोट असलेले घर ती पुढे ढकलते.

घरच्यांनीही दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब देण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारावे, कारण थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून बाहेर पडतो. बांधकामाची धूळ टाळावी, त्यात बुरशीचे कण असतात. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दात्याच्या पेशी रुजवण्यासाठी लाखो रुपये खर्च होतात. प्रत्यारोपणाला मदत करणाऱ्या योजनांनी पुढच्या दोन वर्षांच्या लसी, औषधे आणि तपासण्याही उपचाराचाच भाग मानायला हव्यात. नाहीतर कर्करोगातून वाचलेला रुग्ण टाळता येण्याजोग्या न्यूमोनियाने दगावेल.