अंकुश कोणाच्या हाती?

नागपुरातील जुन्या स्वयंसेवकांच्या घरी ३० जून १९७५ ही तारीख आजही बोलण्यात निघते. त्या दिवशी तृतीय सरसंघचालक श्री. बाळासाहेब देवरस यांना नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला करण्यात आली. ४ जुलैला संघावर बंदी आली. 'मिसा'खाली गजाआड गेलेल्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह देशातील अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले की, आणीबाणी असली तरी अटकेचा आदेश कायद्याला धरून आहे की नाही, हे न्यायालय पाहू शकते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ एप्रिल १९७६ रोजी तेथे चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि नागपूरचा निर्णय पुसला गेला. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी पक्षाला विचारले होते की, एखाद्या अधिकाऱ्याने बेकायदा कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर नकारार्थी आले. तरीही चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने उभे राहिले. खन्ना एकटे राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले.

याच्या जेमतेम पावणेदोन वर्षे आधी वॉशिंग्टनमध्ये काय घडले होते? वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन ध्वनिफिती देण्यास तयार नव्हते. २४ जुलै १९७४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य अशा एकमताने त्या देण्याचा आदेश दिला. आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले होते आणि निकालपत्र लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर त्यांतलेच एक. सोळा दिवसांनी निक्सन पायउतार झाले.

हा फरक केवळ माणसांच्या धैर्याचा नव्हे, रचनेचाही आहे. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात काँग्रेस, दुसऱ्यात राष्ट्राध्यक्ष आणि तिसऱ्यात न्यायव्यवस्था. मंत्र्यांना काँग्रेसचे सदस्य राहता येत नाही. राष्ट्राध्यक्षाने विधेयक नाकारले तर दोन्ही सभागृहे दोन तृतीयांश बहुमताने ते पुन्हा संमत करू शकतात. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवतो, पण सिनेटच्या संमतीशिवाय तो त्या आसनावर बसत नाही. एकदा बसला की वर्तन चांगले असेतो त्याला कोणी हलवू शकत नाही. आपल्याकडे मात्र मंत्रिमंडळ संसदेच्या बहुमतातूनच जन्मते, म्हणजे तीन खांबांपैकी दोन मुळातच एकमेकांना टेकलेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाचे विद्यार्थी. अमेरिकेची पद्धत त्यांना अपरिचित नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत त्यांनी स्थैर्यापेक्षा सरकारच्या दैनंदिन उत्तरदायित्वाला अधिक मोल दिले आणि संसदीय पद्धतीची बाजू मांडली. निवड विचारपूर्वक होती. पण विरोधी नेते तुरुंगात आणि बहुमत एका व्यक्तीच्या मुठीत, अशी वेळ आली की अंकुश उरतो तो न्यायालयाचाच. १९७६ मध्ये तोही सुटला.

अमेरिकेचे नाव काढले की आपल्याकडे एक तर भारावून जाण्याची किंवा नाक मुरडण्याची रीत आहे. दोन्ही टाळावे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना तेथे छावण्यांत डांबले गेले. बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची पाठराखण केली. तो निकाल चुकीचा होता असे म्हणायला २०१८ साल उजाडावे लागले. आपण थोडे लवकर सुधारलो. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये जीविताच्या हक्काला आणीबाणीतही हात लावता येणार नाही अशी तरतूद झाली. १९७६ चा निकाल २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. त्या नऊ सदस्यीय घटनापीठात नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, आणि निकाल रद्द ठरवणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६ च्या चौघांतील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे चिरंजीव.

आता प्रश्न नेमणुकांचा. सत्तरच्या दशकात सरकारने न्यायाधीशांची ज्येष्ठता तुडवली. त्याच्या धास्तीतून १९९३ मध्ये न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची प्रथा आली. संसदेने २०१४ मध्ये आणलेला नियुक्ती आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने रद्द केला. बंद दाराआडची ही निवड प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. अमेरिकेत १९८७ मध्ये रेगन यांनी सुचवलेले बॉर्क यांची सिनेटच्या समितीपुढे उघड उलटतपासणी झाली आणि ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारण्यात आले. देशाने ते पाहिले. मात्र उद्या नवा आयोग झाला, तर त्यात सरकारचा शब्द अखेरचा नसावा, हेही आपणच आग्रहाने मांडले पाहिजे. सत्तेत आपल्या विचारांची माणसे असताना हे म्हणणे काहींना रुचणार नाही. पण १९७५ मध्ये अर्ज करणाऱ्यांत आपल्याच घरची माणसे होती, आणि त्यांचे म्हणणे नागपूरच्या न्यायाधीशांनी ऐकून घेतले होते, ते सरकारला विचारून नव्हे.