‘कम सप्टेंबर’ बघून पडलेले दोन तट

आमच्या बंगळुरूच्या मेसमध्ये महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतात. शहरात स्थायिक झालेले निवृत्त अधिकारी सपत्नीक येतात. तरुण लेफ्टनंट-कॅप्टन मंडळी त्या दिवशी जेवण चांगलं असतं म्हणून येतात. मागच्या वेळी १९६१ चा ‘कम सप्टेंबर’ लावला होता आणि जेवणाच्या टेबलावर सरळ दोन तट पडले. एक कर्नलसाहेब म्हणाले, असे निखळ सिनेमे आता कोणी काढत नाही. एक तरुण लेडी कॅप्टन म्हणाली, ‘सर, ट्यून मस्त आहे, पण जवळजवळ दोन तास मुलींची राखण कशी करायची एवढंच चाललं होतं.’ कर्नलसाहेबांना ते लागलं. ‘अगं, हलकाफुलका सिनेमा आहे, त्याला कोर्ट मार्शलला कशाला उभं करतेस?’

दोघांचंही म्हणणं मला अर्धंच पटलं, म्हणून हा लेख. सिनेमा हलका आहे हे खरं. पण हलका म्हणजे त्यात काहीच नाही, असं समजून त्याचं कौतुक करणारे आणि त्याला मोडीत काढणारे, दोघेही त्याच्यावर अन्याय करतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. १९६१ म्हटलं की आपल्या पुणेकरांना पानशेत आठवतं आणि फौजी माणसाला गोवा. त्याच वर्षी हा सिनेमा आला. रॉक हडसन आणि जिना लोलोब्रिजिडा ही मोठी जोडी, सँड्रा डी आणि बॉबी डॅरिन ही तरुण जोडी. लेखक स्टॅन्ली शपिरो आणि मॉरिस रिचलिन हे ‘पिलो टॉक’च्या ऑस्करविजेत्या पटकथाकारांपैकी दोघे. दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन. मलिगनचं नाव आज निघतं ते पुढच्याच वर्षीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मुळे, ‘कम सप्टेंबर’ त्याच्या खात्यात किरकोळ खर्चासारखा मांडला जातो. सिनेमाच्या इतिहासाने याला फार जागा दिली नाही, प्रेक्षकांनी मात्र दिली.

आपल्याकडे तर सिनेमापेक्षा त्याची धून मोठी झाली. ती बॉबी डॅरिनची. शब्द नाहीत, भाषेची अडचण नाही, त्यामुळे ती थेट आपल्या ब्रास बँडच्या हातात गेली. ज्यांनी हडसनचं नाव ऐकलेलं नाही असे हजारो लोक या धुनेवर वरातीत नाचले आहेत. १९९५ च्या ‘राजा’मधलं ‘नजरें मिली दिल धडका’ ऐका, म्हणजे कुठली धून म्हणतोय ते लगेच कळेल. तरुण जोडीचं म्हणाल तर सँड्रा डी आणि डॅरिनची ओळख याच सिनेमाच्या सेटवर झाली आणि सिनेमा पडद्यावर येण्याआधीच, डिसेंबर १९६० मध्ये, त्यांचं लग्न होऊन गेलं. ते पुढे टिकलं नाही, १९६७ मध्ये घटस्फोट झाला.

आता गोष्ट. रॉबर्ट टॅलबट हा गडगंज अमेरिकन. इटलीच्या समुद्रकिनारी त्याचा बंगला आहे. दरवर्षी सप्टेंबरात तो तिथे येतो, लिसा नावाच्या मैत्रिणीबरोबर महिना घालवतो आणि परत जातो. एके वर्षी तो न कळवता जुलैतच येतो. बघतो तर काय, त्याच्या कारभाऱ्याने, मॉरिसने, बंगल्याचं हॉटेल करून टाकलं आहे. सप्टेंबर सोडून बाकीचे अकरा महिने धंदा जोरात! आपल्याकडे ज्यांनी जुने डाक बंगले आणि तिथले खानसामे पाहिलेत त्यांना हा मॉरिस लगेच ओळखू येईल. कागदावर मालक कोणीही असो, बंगला खानसाम्याचाच.

हॉटेलात अमेरिकन तरुणींचा एक गट उतरलेला, बरोबर त्यांना सांभाळणारी एक कडक बाई. खरा मालक दारात उभा राहिल्यावर मॉरिस पाहुण्यांना सांगतो की हा बिचारा इथला जुना मालक, अजूनही बंगला आपलाच समजतो, त्याला जरा सांभाळून घ्या. इथे मेसमध्ये सगळ्यात मोठा हशा निवृत्तांच्या रांगेतून आला. ज्यांनी निवृत्तीनंतर आपल्या जुन्या युनिटला भेट दिली आहे, त्यांना मी वेगळं सांगायला नको. तिथला नवा सुभेदार आपल्याकडे ज्या आदराने आणि ज्या दयेने बघतो, ते हेच.

म्हणून कर्नलसाहेबांच्या बाजूने पहिला मुद्दा. हा सिनेमा नुसत्या आठवणींवर चालत नाही. बंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागात वाढलेल्या पिढीसाठी त्यात आठवणी आहेतच. इंग्रजी सिनेमा म्हणजे एम. जी. रोड-ब्रिगेड रोड आणि बाकीचा सिनेमा मॅजेस्टिककडे, अशी या शहराची जुनी वाटणी. प्लाझा गेलं, रेक्सही बंद पडलं, त्यामुळे अशा सिनेमाबरोबर त्यांची आख्खी तरुण संध्याकाळ परत येते. पण आठवण बाजूला ठेवली तरी विनोद उभा राहतो, कारण तो माणसांच्या जागांवर बेतलेला आहे. मालक पाहुणा झालाय, नोकर मालक झालाय, आणि दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नाही. असा विनोद साठ वर्षांनी शिळा होत नाही.

आता कॅप्टनबाईंचा मुद्दा. मुलींना सांभाळणारी बाई पडते आणि दवाखान्यात जाते. तेवढ्यात चार तरुण पोरं जीप घेऊन बंगल्याबाहेर तळ ठोकतात. झालं, टॅलबटमधला बाप जागा होतो. स्वतः दरवर्षी लग्नाशिवाय लिसाबरोबर महिनाभर राहणारा हा गृहस्थ त्या मुलींना पावित्र्यावर भाषण देतो. मुलांपासून दूर राहा, लग्नापर्यंत थांबा, वगैरे. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण त्याच्यासाठीच असावी.

कॅप्टन म्हणते, हे बघताना कंटाळा येतो. मला वाटतं, तिने एक गोष्ट निसटू दिली. तिचा आक्षेप सिनेमातच घेतलेला आहे. ते भाषण लिसाच्या कानावर जातं आणि ती उसळते. तिचं गणित साधं आहे. जो नियम या मुलींना लागू, तो मला का नाही? आणि मला नसेल, तर या माणसाच्या मनात माझी किंमत काय? त्या क्षणी विनोदी सिनेमातली ही बाई सगळ्यांत गंभीर माणूस होते. टॅलबटला त्या मुलींची काळजी असेलही. पण ज्या पुरुषांपासून तो त्यांना वाचवतोय, त्यांच्यात तो स्वतःही आहे, हे लिसाला दिसतं आणि त्याला दिसत नाही.

माझी तक्रार पुढे आहे. एवढा चांगला प्रश्न हातात आल्यावर सिनेमा तो लगेच खाली ठेवतो. या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर एकच, लग्न. अंगठी आली की राग गेला. नियम कोणासाठी आणि कोणी केले, हे विचारायचं राहूनच जातं. हलकेपणाबद्दल मी कधीच गुण कापणार नाही. इथे सिनेमाची हिंमत कमी पडली, गुण तिथे जातात.

आज बघताना आणखी एक गोष्ट टोचते. त्या काळी पडद्यावरचा आदर्श प्रियकर असलेला रॉक हडसन समलैंगिक होता आणि त्याच्या धंद्याने त्याला ते जन्मभर लपवायला लावलं. १९८५ मध्ये एड्सने त्याचा मृत्यू झाला. कोणी कोणावर कसं प्रेम करावं याचं भाषण त्याच माणसाच्या तोंडी आहे. लेखकांना हा विरोधाभास अभिप्रेत नसेल, पण आपल्याला तो टाळता येत नाही.

हे सगळं परक्यांचं, आपल्याकडे असं काही नव्हतं, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ आठवावा. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक, कंपनी कोल्हापूरची हंस पिक्चर्स. ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून एक तरुण पेटतो, नट्यांची चित्रं फेकून देतो, व्रत घेतो, आणि मग मीनाक्षी शिरोडकरांची नायिका त्या व्रताची पार दाणादाण उडवते. म्हणजे ‘कम सप्टेंबर’च्या तेवीस वर्षं आधी अत्रे-विनायकांनी उपदेशकांची टोपी उडवली होती आणि तीही जास्त धीटपणे. सिनेमा तुफान चालला. पण गाजावाजा कशाचा झाला? मीनाक्षीबाईंनी घातलेल्या पोहण्याच्या पोशाखाचा. सिनेमा हसला उपदेश करणाऱ्यांना आणि समाजाने बोट दाखवलं बाईच्या कपड्यांकडे. अत्र्यांनी ज्याची थट्टा केली, त्याचा पुरावा प्रेक्षकांनी थिएटरबाहेर येऊन स्वतःच दिला.

हा विषय माझ्यासारख्या फौजी माणसाने इतका ताणायचं कारण आमच्या घरातलंच आहे. मी खडकवासल्याचा. आमच्या वेळी कॅडेट म्हणजे मुलगाच. रविवारी लिबर्टी मिळाली की पुण्यात काय करता, कोणाबरोबर फिरता, हे आमच्या घरच्यांनी कधी विचारलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी अकादमीत आली आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. या तीन वर्षांत माझ्या वयाच्या अधिकाऱ्यांच्या गप्पांत जे प्रश्न ऐकले, ते आठवून बघा. राहणार कुठे? दारं कुठल्या बाजूला? मुलांबरोबर बोलल्या तर? त्यांची धाव, नेमबाजी, नकाशावाचन कसं आहे, हा प्रश्न फार उशिरा आला. आम्ही सगळे टॅलबट झालो होतो. काळजी खरी होती, पण अशी काळजी आम्ही मुलांची कधी केली नव्हती.

त्याच्या आधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, महिला अधिकाऱ्यांच्या कायमस्वरूपी कमिशनचा निकाल लागला. त्या खटल्यात एक मुद्दा असा मांडला गेला होता की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले असतात आणि बाईचा हुकूम मानायला ते मनाने तयार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. मला तो मुद्दा वाचून जवानांच्या वतीने वाईट वाटलं. साताऱ्यातलं अपशिंगे किंवा कोल्हापूरकडचं सैनिक टाकळी, अशा गावांतली फौजी घरं बघा. जवान सीमेवर, आणि इकडे शेतीचा सौदा, सोसायटीचं कर्ज, सासऱ्यांचं ऑपरेशन, मुलांची शाळा सगळं त्याची बायको बघते. वर्षातले दहा-अकरा महिने त्या घराची कमांड तिच्याकडे असते. सुट्टीवर आलेला जवान घरात काय कुठे ठेवलंय हे तिला विचारून घेतो. त्याला बाईचं नेतृत्व नवीन नाही. नवीन असेल तर ते आम्हा अधिकाऱ्यांना.

तेव्हा कर्नलसाहेब, सिनेमा निखळ आहे, पण त्यातल्या लिसाचा राग निखळपणात विरघळू देऊ नका. आणि कॅप्टन, तुझा आक्षेप रास्त आहे, पण त्या सिनेमाला मोडीत काढू नकोस. १९६१ मध्ये तुझी बाजू एका नटीने भर पडद्यावर मांडून ठेवली आहे. जड सिनेमे असले प्रश्न घेऊन येतात तेव्हा माणूस आधीच ढाल पुढे करून बसतो. हसताना ढाल खाली असते. म्हणून मला हलक्या सिनेमाची बाजू घ्यावीशी वाटते, आणि म्हणूनच तो अर्ध्यात माघार घेतो तेव्हा चीडही येते.

सिनेमा मिळाला तर जरूर बघा, शक्यतो घरातल्या वयात आलेल्या मुलामुलींबरोबर. टॅलबटच्या भाषणाला कोण हसतं आणि लिसा चिडते तेव्हा कोण गप्प होतं, एवढ्यावर लक्ष ठेवा. आमच्या मेसमध्ये पुढच्या महिन्यात काय लावायचं याची यादी माझ्याकडे आली आहे. मी ‘ब्रह्मचारी’चं नाव घातलंय. इंग्रजी सबटायटल्सची सोय झाली तर कॅप्टनलाही कळेल, आमच्या कोल्हापूरकरांनी काय करून ठेवलंय ते.

जय हिंद.