जड पाऊस, मुसळधार पाऊस आणि रेड अलर्ट

विशेषण आणि नाम यांची जोडी व्याकरणाच्या नियमाने जुळते. टिकते मात्र वहिवाटीने. इंग्रजीतील ‘हेवी’ हे विशेषण पाहा. ‘हेवी मील’ म्हणजे जड जेवण, ‘हेवी इंडस्ट्री’ म्हणजे अवजड उद्योग, ‘हेवी लॉस’ म्हणजे मोठा तोटा आणि ‘हेवी रेन’ म्हणजे मुसळधार पाऊस. चार नामांसाठी मराठीला चार विशेषणे लागली. ‘जड पाऊस’ ही रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठी नव्हे. हिंदीच्या प्रभावाने कोणी ‘भारी पाऊस’ म्हटलेच, तर पेणच्या बाजारात त्याचा अर्थ ‘झकास पाऊस’ असा घेतला जाईल.

हा विषय एरवी भाषांतराच्या तासापुरता राहिला असता. पेण-रोह्याच्या पट्ट्यात तो तेवढ्यावर थांबत नाही. हवामान विभागाच्या परिभाषेत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’, त्यापुढे 204.4 पर्यंत ‘व्हेरी हेवी’ आणि त्याहून अधिक म्हणजे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. मराठी बातम्यांत याचे ‘मुसळधार’, ‘अति मुसळधार’, ‘अत्यंत मुसळधार’ असे रूपांतर होते. माझा आक्षेप या शिडीवर आहे. मुसळाएवढ्या जाड धारेची उपमा पोटात घेऊन आलेल्या या शब्दात परमावधी आधीच सामावलेली आहे. ‘काळाकुट्ट’ या शब्दाला आपण ‘अति’ जोडत नाही, तसेच हे. शेवटची पायरी आपण पहिली म्हणून वापरली. मग वर उरले ‘अति’ आणि ‘अत्यंत’, ज्यांतला भेद कानाला जाणवत नाही. कोकणातल्या जुलैत पहिल्या पायरीचा पाऊस काही अपूर्वाईचा नव्हे. तो शब्द वारंवार ऐकून कान निर्ढावतात. याच जिल्ह्यात जुलै 2021 मध्ये तळिये आणि जुलै 2023 मध्ये इरशाळवाडी दरडीखाली गेली. त्या दुर्घटनांचे खापर विशेषणावर फोडणे वेडेपणाचे ठरेल. परंतु अशा प्रदेशात इशाऱ्याची भाषा बोथट असणे परवडणारे नाही.

‘रेड अलर्ट’विषयी माझी तक्रार नाही. ‘लाल’प्रमाणेच ‘रेड’ मराठीत अविकारी राहिले, ‘अलर्ट’ निमूटपणे पुल्लिंगी झाला आणि रंगाचा भेद कोणालाही कळतो. अडचण क्रियापदाची आहे. ‘रेड अलर्ट जारी करण्यात आला आहे’ या वाक्यात ऐकणाऱ्याने काय करायचे, याचा पत्ताच नसतो. वास्तविक त्या रंगाचा अर्थ ‘आता कृती करा’ असा आहे. याउलट ‘कुंडलिकेने धोका पातळी ओलांडली’ हे वाक्य घ्या. इथे विशेषणही नाही, दोन नामांचीच जोडी आहे. पण रोह्यातला माणूस ते ऐकताच नदीच्या दिशेने पाहतो.

पेणच्या खारेपाटात तर जोडीचीही गरज पडत नाही. इंग्रजीला ‘स्प्रिंग टाइड’ असे दोन शब्द लागतात; त्यांचे ‘वसंत भरती’ असे भाषांतर केल्यास हसे होईल. आपल्याकडे ‘उधाण’ हा एक शब्द पुरतो आणि तिथीही सुचवतो. ‘उधाणात बांध फुटला’ म्हटले की शेतात खारे पाणी शिरल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही पावसाळी सूचनांत ‘हाय टाइडच्या वेळी’ असे लिहिले जाते, आणि रोज दोनदा येणारी भरती व अमावास्या-पौर्णिमेचे उधाण यांतला भेद त्या जोडीत बुजून जातो.