परिणामांवर सही कोणाची?

बोलायला कोणी अडवलंय? खुशाल बोला, फक्त परिणाम भोगायची तयारी ठेवा. हे वाक्य हल्ली व्याख्यानांतून, चर्चासत्रांतून आणि लग्नाच्या पंगतीतूनही ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा चेहरा दर वेळी असा असतो, की वाद संपला, आता हात धुवायला हरकत नाही. अशाच एका गृहस्थांनी हा मुद्दा अलीकडे मोठ्या निगुतीने मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नियम मोडला की शिक्षा ठरलेली. करावे तसे भरावे. एकाला सोडलं की उद्या सगळेच मोडतील. ज्या बोलण्याची किंमत मोजावी लागत नाही ते बोलणं फुकाचं. आणि शेवटी टाळ्या घेणारं वाक्य: टिळक-गांधींनी शिक्षा निमूट भोगल्या, कोर्टकचेऱ्या करत बसले नाहीत, आजचे लोक मात्र साधी नोटीस आली तरी गळा काढतात.

फुकाच्या बोलण्याचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. किंमत मोजल्याने बोलणं खरं ठरत असतं, तर तुरुंगातला प्रत्येक भोंदू बुवा संत ठरला असता.

करावे तसे भरावे, यात तथ्य आहे. सिग्नल तोडणाऱ्याला दंड व्हावा, दूध भेसळणाऱ्याला तुरुंग दिसावा, याला कोण नाही म्हणतो? पण हे गृहस्थ सिग्नल तोडणारा आणि सिग्नलच्या कंत्राटात पैसे खाल्ले गेले असं सांगणारा, अशा दोघांना एकाच रांगेत उभं करतात. मग पहिल्याचा दंड हा परिणाम आणि दुसऱ्याच्या घरी रात्री येणारे फोन हाही परिणामच. दंडाची पावती मिळते, फोनची मिळत नाही, एवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटतो. सुटतो कसला, सोडला जातो.

आता टिळक. टिळकांनी कोर्टकचेऱ्या केल्या नाहीत, असं म्हणायला फार मोठं धाडस लागतं किंवा फार थोडं वाचन. हा माणूस कायद्याचा पदवीधर होता आणि पुण्यात कायद्याचे वर्ग चालवत होता. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतल्या सहा युरोपीयांनी त्यांना दोषी ठरवलं, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. टिळक तेवढ्यावर गप्प बसले नाहीत. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची परवानगी मागायला त्यांच्या वतीने ऍस्क्विथ उभे राहिले, तेच पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. परवानगी नाकारली गेली ती गोष्ट वेगळी.

1908 चा खटला तर या गृहस्थांनी मुद्दाम वाचावा. 'केसरी'तल्या लेखांवरून 13 जुलैला मुंबईच्या हायकोर्टात तो सुरू झाला. न्यायासनावर दिनशा दावर होते. 1897 मध्ये बॅरिस्टर म्हणून टिळकांचा जामीन मागणारे दावर हेच. आता न्यायमूर्ती म्हणून त्यांनी जामीन नाकारला होता. टिळकांनी आपली बाजू स्वतः मांडली. सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि ज्यूरीपुढे 21 तासांहून अधिक वेळ भाषण केलं. निमूटपणाचा हा नमुना जरा लांबलाच म्हणायचा! 22 जुलैच्या रात्री निकाल लागला: सात विरुद्ध दोन मतांनी दोषी, सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. शिक्षा ऐकण्याआधी बोलायची संधी मिळाली तेव्हाही, ज्यूरी काहीही म्हणो, आपण निर्दोषच आहोत, असं त्यांनी न्यायमूर्तींच्या तोंडावर सांगितलं. ते उद्गार आज त्याच हायकोर्टात फलकावर कोरलेले आहेत आणि त्या फलकाचं अनावरण 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी केलं. गिरणी कामगारांनी शिक्षेच्या निषेधार्थ सहा दिवस संप केला, गोळीबारात माणसं मेली. टिळकांनी केलं, टिळक भरतील, असा हिशेब त्या कामगारांनी केला नाही. खटला पुन्हा प्रिव्ही कौन्सिलच्या दारात गेला आणि पुन्हा परतवला गेला.

बरं, मंडालेच्या तुरुंगातून सुटून आल्यावर तरी शहाणपण यावं? 1916 मध्ये होमरूलच्या भाषणांबद्दल पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीसाठी वर्षभराचा 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि शिवाय दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. साठीला आलेला हा आरोपी पुन्हा हायकोर्टात गेला. त्याच्या बाजूने जिना उभे होते. हायकोर्टाने हुकूम रद्द केला. म्हणजे ज्या टिळकांना हे गृहस्थ सहनशीलतेचा पुतळा म्हणून उभं करतात, ते टिळक तिसऱ्या खेपेला परिणामांच्या विरुद्ध भांडून जिंकले होते. त्यातल्या कोणत्याही खटल्यात हे गृहस्थ हजर असते, तर ते ऍडव्होकेट जनरलच्या शेजारच्या खुर्चीत दिसले असते.

गांधींचं उदाहरण त्यांना अधिक जवळचं, कारण गांधींनी खरोखरच गुन्हा कबूल केला. 18 मार्च 1922, अहमदाबाद. पण कबुलीबरोबर त्यांनी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, चांगला वाटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या. आरोपीच्या पिंजऱ्यात कायदा उभा होता तो असा. ब्रूमफील्ड यांनी टिळकांचा दाखला देऊन सहा वर्षं सुनावली आणि परिस्थिती निवळून सरकारने ती कमी केली तर सर्वांत जास्त आनंद आपल्याला होईल, असंही म्हटलं. दोन वर्षांत, पुण्याच्या ससूनमधल्या ऍपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर, सरकारने त्यांना सोडलं. त्याआधी 1917 मध्ये चंपारण सोडून जाण्याचा हुकूम त्यांनी मोडला, मोतिहारीच्या कोर्टात तसं कबूलही केलं, आणि सरकारने खटलाच काढून घेतला. परिणाम अटळ असतात म्हणे! ते कोणीतरी लादतो आणि मनात आणलं तर मागेही घेतो. आपली शिक्षा आपण मागून घेणं हा सत्याग्रहीचा हक्क झाला. दुसऱ्याला 'भोग आता' म्हणून सांगायला सत्याग्रही असावं लागत नाही. सोफा आणि चहा पुरतो.

हा वाद नवा नाही. आणीबाणी उठल्यावर कितीतरी वर्षं एक युक्तिवाद ऐकू यायचा, की गाड्या वेळेवर धावत होत्या, कर्मचारी वेळेवर येत होते, आत गेले ते आपल्या तोंडामुळे गेले. गाड्या वेळेवर धावायला लाखाहून जास्त माणसं विनाचौकशी कोंडावी लागतात का, हा साधा प्रश्न विचारला की समोरचा विषय बदलायचा. तेव्हाचेच हे बोल आता नव्या कपड्यांत आले आहेत. असो.

मुद्दा असा, की 'परिणाम' हे जणू वळवाच्या पावसासारखं काही आहे, छत्री नेली नाही ही तुमची चूक, असं भासवलं जातं. सरकारी नोकराच्या बाबतीत हा पाऊस कसा पाडला जातो ते पाहण्यासारखं आहे. निलंबनाचा आदेश एका पानाचा असतो. विभागीय चौकशी प्रस्तावित आहे. निलंबनाच्या काळात मुख्यालय अमुक ठिकाणी राहील. पूर्वपरवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. खासगी नोकरी वा धंदा करता येणार नाही. पहिले तीन महिने निर्वाह भत्ता म्हणून अर्धवेतनी रजेच्या पगाराएवढी रक्कम, आणि ती घेताना आपण दुसरीकडे कामाला नाही असं लिहून द्यायचं. घरचं भाडं, मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ता मात्र पूर्ण पगाराच्या हिशेबाने चालू. गंमत अशी, की कायद्याच्या नजरेत निलंबन ही शिक्षाच नव्हे! शिक्षा नाही, त्यामुळे ती किती दिवसांची हेही ठरलेलं नाही. दोषारोपपत्र तीन महिन्यांत बजावलं नाही तर निलंबन पुढे रेटू नये, हे सांगायला 2015 साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

बदलीचंही तेच. महाराष्ट्राने 2005 मध्ये बदल्यांचा कायदा केला, पदावर साधारण तीन वर्षं ठेवायचं ठरवलं, त्याआधी हलवायचं तर विशेष कारणं लेखी द्यायची असं त्यात घातलं. 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोन शब्द त्यावर उतारा म्हणून वापरले जातात. मग कर्मचारी प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, जातो आणि आमचे गृहस्थ म्हणतात, बघा, परिणाम भोगायची तयारी नाही!

जिवावर बेतलेली माणसंही याच खात्यात जमा करायची का? सत्येंद्र दुबे या महामार्ग प्राधिकरणातल्या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलांवरून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. तपासात ती लूट ठरली, 2010 मध्ये तिघांना जन्मठेप झाली. गुप्त पत्र कसं फिरलं हा मामला त्या खटल्याबाहेरच राहिला. यशवंत सोनवणे हे मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी. जानेवारी 2011 मध्ये मनमाडजवळ इंधनभेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं गेलं. त्यांनी कोणता नियम मोडला होता? त्यांनी तर पाळला होता.

2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना, बंदबद्दल फेसबुकवर साधी नाराजी दाखवल्यामुळे अटक झाली. त्यातल्या एकीच्या नातेवाइकाचा दवाखाना जमावाने फोडला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66अ कलमाचा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं. म्हणजे मोडलेला नियमच घटनाबाह्य निघाला. दवाखान्याच्या काचांचा हिशेब आता कोणत्या न्यायाने लावायचा?

जुन्या पुण्याने याहून बरी व्यवस्था ठेवली होती, असं म्हणायची वेळ यावी हे दुर्दैव. 1890 मध्ये पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, पेटलं. यादीत टिळकही होते, रानडेही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दाखवला; रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचा रोष ओढवला. चहाच्या पेल्यासाठी हा उपद्व्याप, हास्यास्पदच. पण तक्रार कोणाची, चौकशी कोणाकडे, प्रायश्चित्त काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते घेतलं की प्रकरण मिटायचं. आजच्या 'परिणामां'ना तेवढीही कळा नाही. शिवाय ज्याला हे गृहस्थ समाजाची स्वाभाविक प्रतिक्रिया म्हणतील, त्या वाळीत टाकण्याला महाराष्ट्राने 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मग हवं काय? परिणाम नकोतच, असं कोणी म्हणत नाही. ते आधी लिहिलेले असावेत, देणाऱ्याची सही असावी, कारण दिलेलं असावं आणि वर दाद मागता यावी. खोटं बोलणाऱ्यालाही ते लागू व्हावेत. एवढंच मागणं, आणि ते फार मोठं नाही. त्याचा मसुदाही तयार आहे. 2014 च्या मे महिन्यात जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 पर्यंत दंड. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि 30,000 पर्यंत. दोन्ही बाजूंचे परिणाम त्यात मोजूनमापून लिहिलेले आहेत. फक्त कायदा कधीपासून लागू होणार, ती तारीख केंद्र सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. ती ठरलीच नाही. दुरुस्तीचं विधेयक 2015 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि पुढे सभागृहाबरोबरच बरखास्त झालं. गृहस्थांचं पुढचं व्याख्यान लवकरच असेल. परिणामांबद्दल त्यांना एवढी कळकळ आहे, तर निदान ही तारीख तरी त्यांनी तिथे विचारावी.