फवारणीचे कपडे कोण धुते?



मार्च महिन्याची २१ तारीख जगभर गृहविज्ञान दिन म्हणून पाळली जाते. हा दिवस आंतरराष्ट्रीय गृहअर्थशास्त्र महासंघाने नेमून दिलेला आहे. घरसंसाराचे शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका-प्राध्यापिकांचा हा महासंघ १९०८ साली स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर्ग येथे स्थापन झाला. आपल्या देशातही अशी संघटना आहे. तिचे नाव होम सायन्स असोसिएशन ऑफ इंडिया. महाविद्यालयांतून आहार, वस्त्रे, बालसंगोपन आणि गृहव्यवस्था हे विषय शिकवणारी मंडळी तिच्यात आहेत. त्यांच्या परिषदा भरतात, निबंध वाचले जातात, व्याख्याने आणि प्रदर्शने होतात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठात मोडतात, तिथे बी. ए.ला गृहअर्थशास्त्र हा विषय घेता येतो. आपल्या गावातील एखादी मुलगी तो शिकतही असेल.

आता तुम्ही म्हणाल, शिकवणाऱ्या बायांच्या सभा शहरात भरणार, त्यात आमचे काय? भाकर थापायला आम्हाला आईने शिकवले, लेकरू न्हाऊ घालायला सासूने शिकवले. त्याला विद्यापीठ कशाला हवे?

बरोबर आहे तुमचे. भाकरीसाठी विद्यापीठ नकोच. पण आईच्या आणि सासूच्या वेळी जे घरात नव्हते, ते आज आले आहे. त्याचे काय करायचे हे त्या सांगणार कुठून? एकच उदाहरण घेऊ. पऱ्हाटीवर फवारा मारून घरधनी संध्याकाळी घरी येतो. अंगावरचा ओला सदरा काढून मोरीत टाकतो. तो सदरा कोण धुते, कशात धुते, कोणत्या कपड्यांबरोबर धुते आणि ते पाणी कुठे जाते? आजचे लिखाण एवढ्यावरच आहे.

या शास्त्राचा आरंभ पाहिला, तर तो चुलीपाशी झाला नाही, प्रयोगशाळेत झाला. एलेन रिचर्ड्स नावाची एक अमेरिकन बाई रसायनशास्त्र शिकली होती. बोस्टनच्या नावाजलेल्या तंत्रविद्यालयात प्रवेश मिळालेली ती पहिली स्त्री. १८८७ साली तिच्या राज्यातील नद्या, तलाव आणि विहिरी यांच्या पाण्याची मोठी तपासणी सुरू झाली, तेव्हा नमुने तपासण्याचे काम तिच्याकडे होते. घरात येणारे पाणी, दूध, पीठ शुद्ध आहे की नाही, हे घरातल्या बाईला ओळखता आले पाहिजे, असा तिचा आग्रह होता. १८९९ साली लेक प्लॅसिड या गावी अवघी अकरा माणसे या विषयासाठी एकत्र बसली. दहा वर्षे अशा बैठका झाल्या आणि १९०९ साली त्यांतून अमेरिकेतील गृहअर्थशास्त्र संघटना उभी राहिली. एलेनबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा. १९९४ साली या संघटनेने आपले नाव बदलून त्यात कुटुंब आणि ग्राहक हे शब्द घातले. आपल्याकडे कृषी विद्यापीठांतही आता या शाखेला सामुदायिक विज्ञान म्हणतात.

याच शाखेतल्या लोकांनी पुढे फवारणीच्या कपड्यांचा प्रश्न हाती घेतला. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कृषी विद्यापीठांच्या गृहविज्ञान विभागांनी कापडाच्या तुकड्यांवर कीटकनाशके टाकून ते तऱ्हेतऱ्हेने धुऊन पाहिले. थंड पाणी, गरम पाणी, एकदा, दोनदा, तीनदा. आणि प्रत्येक वेळी कापडात किती विष उरले ते मोजले. त्यांतून ज्या गोष्टी निघाल्या, त्या आपल्या मोरीतही तितक्याच खऱ्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, फवारणीचा कपडा दुसऱ्या कपड्यांबरोबर भिजवला तर विष त्या कपड्यांतही उतरते. म्हणजे बापाच्या सदऱ्यातले विष लेकराच्या झबल्यात जाते. दुसरी, गरम पाण्याने आणि भरपूर साबणाने जितके निघते तितके थंड पाण्याने निघत नाही. तिसरी, त्याच दिवशी धुतला तर निघते. चार दिवस पडून राहिला तर विष धाग्यात मुरते. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. पाण्यात न मिसळलेले, डब्यातले घट्ट औषध कपड्यावर सांडले, तर तो कपडा कितीही वेळा धुतला तरी पुरता स्वच्छ होत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो.

आपण त्याला औषध म्हणतो. दुकानदारही औषधच म्हणतो. शब्दाची सवय अशी वाईट, की त्यामुळे भीती मोडते. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो तो पाहत जा. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य. हिरवा असला तरी ते विषच.

हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. २०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरून गेल्या होत्या. सरकारने विशेष चौकशी पथक नेमले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, दोन-तीन विषे एकत्र कालवलेली, तोंडाला रुमाल आणि हात उघडे, अशी कारणे त्या वेळी पुढे आली.

तेव्हा फवारणाऱ्या पुरुषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते लिहायलाच हवे होते. पण त्या पुरुषांचे कपडे धुणाऱ्या बायांविषयी फारसे कोणी बोलले नाही. फवारणारा निदान शेतात, उघड्या हवेत असतो. धुणारी बाई मोरीत ओणवी बसून तोच कपडा दोन्ही हातांनी चोळते, पिळते. हातांना भेगा असतात, कधी पोटात मूल असते, कधी अंगावर पिणारे लेकरू असते. संध्याकाळी डोके दुखले, मळमळले, तर ती म्हणते, ऊन लागले असेल. ऊन असेलही, पण कपडे धुतल्यावर असे होत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नये.

म्हणून पुढील गोष्टी घरात सर्वांनी, विशेषतः पुरुषांनी, ध्यानात घ्याव्या.

१. फवारणीचा जोड वेगळा ठेवा. जुना चालेल, पण धड असावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पूर्ण पायजमा, डोक्याला बांधायला फडके. त्यावर रंगीत धाग्याची खूण घाला, म्हणजे चुकून कोणी दुसऱ्या दिवशी घालणार नाही. हा जोड घरातल्या खुंटीला टांगू नये, गोठ्याबाहेर किंवा अंगणाच्या कडेला त्याची जागा करावी.

२. घरात शिरण्याआधी कपडे बाहेरच काढावेत, साबण लावून अंघोळ करावी, मगच लेकराला जवळ घ्यावे. हात न धुता भाकर, बिडी, तंबाखू यांना हात लावू नये.

३. कपडे त्याच दिवशी धुवावेत आणि वेगळे धुवावेत. त्यासाठी बादलीही वेगळी असावी. त्या बादलीत पुन्हा पाणी पिण्याचे भरू नये, ढोरांना पाजू नये.

४. उघड्या हातांनी चोळू नये. रबरी हातमोजे घालावेत. आधी साध्या पाण्यात भिजवून काठीने ढवळावे आणि ते पाणी टाकून द्यावे. मग गरम पाणी आणि भरपूर साबण घेऊन दोनदा धुवावे. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढावे.

५. धुण्याचे पाणी विहीर, हातपंप, नाला आणि ढोरांचे टाके यांपासून दूर, पडीक जागी टाकावे. नाल्यावर नेऊन तर हे कपडे धुऊच नयेत. खालच्या अंगाला कोणाची तरी घागर भरत असते.

६. उन्हात वाळवावेत. उन्हाने उरलेसुरले विष काही प्रमाणात विरते. मात्र घरच्या कपड्यांच्या दोरीवर घालू नयेत.

७. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, तसेच लहान मुलामुलींनी हे कपडे मुळीच धुऊ नयेत. ज्याने फवारले त्याने धुतले तर काही बिघडत नाही. त्याचे हात आधीच मोज्यांत असायला हवेत ना?

८. घट्ट औषध सांडलेला कपडा पोतेरे म्हणूनही वापरू नये, जाळूही नये. पाण्यापासून लांब खोल खड्ड्यात पुरावा.

आणखी एक गोष्ट, ती ऐकून आपल्या आजीला बरे वाटले असते. सुती कपड्याला खळ केली असेल तर विषाचा बराच भाग धाग्यात खोल न शिरता खळीत अडकतो, आणि धुताना खळीबरोबर निघून जातो, असे वस्त्रशास्त्राच्या प्रयोगांत आढळले आहे. तांदळाच्या पेजेची खळ करणे आपल्याला नवे नाही. तेव्हा फवारणीचा जोड प्रत्येक वेळी धुऊन खळ करून ठेवावा. एवढे मात्र लक्षात असू द्या, की खळीने धुणे सोपे होते. अंगाला विष लागायचे थांबत नाही. हातमोजे, तोंडावरचे फडके आणि वाऱ्याची दिशा पाहणे हे करावेच लागते.

इतके करूनही फवारणाऱ्याला किंवा धुणारीला भोवळ, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, धूसर दिसणे, धाप असे काही झाले, तर सलाईन लावून घरी पडून राहू नये. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, जबरीने ओकारी काढू नये, आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर न्यावा. कोणते विष अंगात गेले हे कळले तर डॉक्टरांना उतारा देता येतो.

आता खर्चाचे. हातमोजे, साबण, वेगळी बादली, जास्तीचा जोड, हे कास्तकाराच्या घरी एकवेळ होईल. पण रोजीने फवारायला जाणाऱ्या मजुराचे काय? त्याच्याकडे मुळात दोनच जोड. त्याची बायको त्याच रात्री तो जोड धुते, कारण सकाळी तोच घालायचा असतो. तिच्या घरी गरम पाण्याला सरपण मोजून असते. तिला वरच्या आठ गोष्टी वाचून दाखवल्या तर ती हसेल, आणि तिचे हसणे चुकीचे नसेल.

यावर एक उपाय आपल्याच हाती आहे. गुढीपाडवा जवळ आला की आपल्याकडे सालदारांचे साल ठरते. पैसा किती, धान्य किती, कपडे किती, हे सारे बोलून ठरते. त्या बोलण्यात आणखी एक कलम घाला: फवारणीचा एक वेगळा जोड, हातमोजे, हंगामभराचा साबण आणि मालकाच्या शेतातच कपडे धुऊन अंघोळ करण्याची सोय. रोजीच्या मजुरालाही हेच द्यावे. मजुराने विषारी कपडा घरी नेऊच नये, तो शेतातच राहावा. यात मालकाचे जाते किती? एका फवारणीच्या खर्चाच्या मानाने फार थोडे. आणि पऱ्हाटीवरच्या अळीसाठी खर्च करताना जो हात आखडत नाही, तो माणसासाठी का आखडावा?

हे शिकवायला गावात कोणी येईल का, असे विचाराल, तर येईल, बोलावले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र यवतमाळला आहे. अशा केंद्रांच्या रचनेत पीक, किडी, जनावरे यांच्या तज्ज्ञांप्रमाणे गृहविज्ञानाच्या तज्ज्ञाचीही जागा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपण बियाणे विचारायला तिथे जातो, घरातले विचारायला जात नाही. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातही सामुदायिक विज्ञानाचे महाविद्यालय आहे. शेतात राबणाऱ्या बायांचे कष्ट कमी कसे होतील यावर तिथे वर्षानुवर्षे काम झाले आहे. कापूस वेचणीचा मोठ्या खिशांचा कोट हे त्यातलेच. ओटीत ओझे घेऊन दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या कमरेचा विचार कोणी तरी केला, हेही गृहविज्ञानच.

तेव्हा बचत गटाची पुढची बैठक होईल त्या वेळी हा विषय काढा. गटाच्या नावाने केंद्राला एक अर्ज लिहा, की फवारणी सुरू होण्याआधी, म्हणजे जून लागायच्या आत, आमच्या गावात येऊन कपडे धुण्याचे प्रात्यक्षिक दाखवा. जवळच्या महाविद्यालयात गृहअर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाई असतील तर त्यांनाही बोलवा. त्यांच्या विद्यार्थिनींनाही पुस्तकाबाहेरचे काम मिळेल. आणि प्रात्यक्षिकाला पुरुषांना पुढे बसवा. १ मेच्या ग्रामसभेत कोणी तरी उभे राहून एवढेच विचारावे, की नाल्यावर फवारणीचे पंप आणि कपडे धुणे आपण बंद करणार की नाही?

शिकवणाऱ्या बायांनी परिषदांतून निबंध वाचावेत. त्याने ज्ञान वाढते. पण त्या निबंधाची खरी परीक्षा मोरीत होते. जिथे बाई ओणवी बसली आहे तिथपर्यंत तो पोचला, तर २१ मार्च सार्थकी लागला म्हणायचा. तो पोचवायला आपणही दोन पावले पुढे गेले पाहिजे.

हा मजकूर शेजारणीला वाचून दाखवा. पेरणीला अजून अवकाश असेल तर या आठवड्यातच एक जुना जोड शोधून त्याला लाल धाग्याची खूण घाला. बाकीचे मग सुचत जाईल.